पॅरिसांतील एक अव्यय

परदेशचीं प्रवासवर्णनें मराठींत आतां पुष्कळ झालीं आहेत. आयफेल मनोरा किती उंच आणि लूव्ह्रच्या संग्रहालयांत काय काय पाहावें, हें ज्यांनीं पॅरिस पाहिलें नाहीं अशा वाचकांसही ठाऊक असतें. त्याच वाटेनें त्यांना पुन्हां नेण्यांत फारसें स्वारस्य नाहीं. २०२५ सालीं चैत्र ते ज्येष्ठ असा आमचा मुक्काम कन्या-जामातांच्या घरीं, पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या आंतोनी नांवाच्या उपनगरांत होता. आपल्याकडून गेलेल्या पाहुण्यास तिकडे सलग नव्वद दिवसांहून अधिक राहूं देत नाहींत, म्हणून तीनच महिने. ह्या अवधींत पावाच्या दुकानांत, आगगाडींत, बागेंत, जिन्यावर, असें जें आम्हांस रोज भेटलें, तें एक चिमुकलें अव्यय होतें. त्याचें नांव ‘आंकोर’. वाचकांनीं ह्या शब्दाचें बोट धरून आमच्याबरोबर थोडें हिंडावें, अशी विनंति आहे.

अव्यय कशास म्हणतात, हें संस्कृत शिकलेल्या वाचकांस सांगणें नको. तिन्ही लिंगांत, सर्व विभक्तींत आणि सर्व वचनांत जें सारखेंच राहतें, ज्याचा व्यय होत नाहीं, तें अव्यय. फ्रेंच भाषेंत क्रियापदांच्या रूपांचें अरण्य मोठें आहे. साठी उलटल्यावर त्यांत शिरणाऱ्याचे पाय जागोजाग अडकतात. अशा अरण्यांत अव्यय म्हणजे पक्की पायवाट. म्हणून जामातांनीं आणून दिलेल्या लहानशा व्याकरणांतून आम्हीं आधीं अव्ययें वेंचलीं, आणि त्यांतही ‘आंकोर’ला अग्रपूजेचा मान दिला.

उच्चाराविषयीं दोन शब्द. आरंभींचा स्वर शुद्ध अनुनासिक आहे. त्यांत ‘न्’ किंवा ‘ङ्’ स्पष्ट ऐकूं येतां कामा नये, वारा नाकांतून जावा इतकेंच. कोंकणांतील ज्या घरांत चित्पावनी बोली कानांवर पडते, तेथील मंडळींस हा स्वर शिकवावा लागणार नाहीं. शेवटचा ‘र’ मात्र आपल्या ओळखीचा नव्हे. पाणिनीयांनीं ज्यास मूर्धन्य म्हटलें, तो ह्या लोकांनीं कंठांत नेऊन बसविला आहे. लेखनांत शेवटीं आणखी एक स्वर असतो, पण बोलण्यांत तो नाहींच. जुने फ्रेंच कवि वृत्त सांभाळण्यासाठीं तो लेखनांतूनही काढून टाकीत. माषाचा मष करण्याची मुभा केवळ आपल्याच कवींना आहे असें नाहीं.

आतां हा शब्द व्यवहारांत कसा चालतो तें पाहूं.

घराखालींच कोपऱ्यावर पावाचें दुकान होतें. तेथें सकाळीं हातभर लांबीचा पाव घेण्यास आम्ही जात असूं. त्याचें नांव ‘बागेत’. आपल्या ‘बागेंत’शीं त्याचा संबंध नाहीं, फ्रेंचमध्यें त्याचा अर्थ कांडी किंवा काठी. शाकाहारी वाचकांसाठीं सांगून ठेवतों, कीं परंपरागत पाव कोणत्या रीतीनें करावा ह्याविषयीं तेथें १९९३ सालचें सरकारी फर्मान आहे. गव्हाचें पीठ, पाणी, मीठ आणि खमीर हाच त्याचा मुख्य ऐवज. युनेस्कोनें २०२२ सालीं ह्या पावाच्या कारागिरीस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. दुकानाची मालकीण पाव कागदांत गुंडाळतांना म्हणे, ‘इले आंकोर शो’, म्हणजे ‘अजून गरम आहे’. हा ‘आंकोर’चा पहिला अर्थ: जी स्थिति होती ती टिकून आहे.

दुसरा अर्थ पंगतींतला. रविवारीं एका फ्रेंच कुटुंबानें आम्हां सर्वांस जेवावयास बोलाविलें होतें. यजमानीणबाई भाजीचें पात्र पुढें करून ‘आंकोर अं प?’ असें विचारीत. अर्थ सरळ: ‘अजून थोडें?’ आपल्याकडील पंगतींत हा प्रश्न तीनदां नाहीं तर पांचदां होतो, आणि ‘नको’ ह्या शब्दास तेथें कांहीं वजन नसतें. त्यांच्या पंगतींत एकदां ‘नको’ म्हटलें कीं पात्र पुढें सरकतें. संकोचानें नको म्हणणाऱ्या मराठी पाहुण्यानें हें ध्यानांत ठेवावें, नाहीं तर उपाशी उठावें लागेल. कॉफीच्या दुकानांत ‘आंकोर अं काफे’ म्हणजे ‘अजून एक कॉफी’, आणि रजा घेणाऱ्यास थांबवून ‘आंकोर यून फ्वा’ म्हणजे ‘अजून एकदां’.

ह्याच अर्थाचा एक प्रसंग ‘ला शापेल’ भागांतला आहे. उत्तरेच्या मोठ्या स्टेशनाजवळचा हा भाग म्हणजे सिलोनी तमिळ लोकांची पेठ. शेवग्याच्या शेंगा, कढीलिंब, ओलें खोबरें, सर्व मिळतें. जवळच तमिळांनीं १९८५ सालीं स्थापिलेलें गणपतीचें देऊळही आहे. आमच्या मंडळींस तमिळ येत नाहीं, दुकानदारास मराठी येत नाहीं, हिंदीही त्याला परकी. एका देवाला नमस्कार करणारीं हीं दोन माणसें तराजूच्या दोन बाजूंस उभीं राहून ‘आंकोर?’ ‘आंकोर’ एवढ्यावर शेंगांचा सौदा पुरा करीत होतीं. त्या एका फ्रेंच शब्दानें हिंदी महासागरावर पूल बांधलेला आम्हीं पाहिला.

तिसरा अर्थ आगगाडींतला. आंतोनीहून शहराच्या मध्यभागीं नेणारी गाडी विद्यार्थीनिवासांची वसाहत, दांफेर-रोश्रो, लक्झेंबुर्ग अशीं ठिकाणें घेत सेन नदीच्या कांठीं सां-मिशेल येथें पोहोंचते. आम्ही उठूं लागलों कीं आमची सहा वर्षांची नात दरडावून सांगे, ‘पाझांकोर!’ म्हणजे ‘अजून नाहीं!’ येथें संस्कृत शिकलेल्या माणसाचे कान टवकारतात. ‘पा’ हा निषेधवाचक शब्द. त्याच्या अखेरीस लिहिलेला ‘स’ एरवीं मुका. पण पुढें स्वर आला कीं तो झकार होऊन बोलूं लागतो. आपल्याकडे ‘हरिः’ आणि ‘अत्र’ एकत्र आले कीं विसर्गाचा रेफ होतो आणि ‘हरिरत्र’ ऐकूं येतें, त्यांतलाच हा प्रकार. फ्रेंच लोक संधि करतात, फक्त लिहून दाखवीत नाहींत. म्हणूनच त्यांची भाषा कागदावर एक आणि कानांवर एक अशी वाटते. ज्यानें संधिप्रकरण घोकलें आहे त्यानें ह्या गोष्टीस भिण्याचें कारण नाहीं.

चौथा अर्थ तुलनेचा. लक्झेंबुर्गच्या बागेंतील जलाशयांत मुलें भाड्यानें घेतलेल्या लहान शिडाच्या होड्या काठीनें ढकलीत असतात. एक होडी मोठी, दुसरी ‘आंकोर’ मोठी. आपणही ‘अजून मोठी’ असेंच म्हणतों.

आतां वाचकांनीं वरील वाक्यें एका ओळींत मांडून पाहावीं. अजून गरम आहे; अजून थोडें; अजून एकदां; अजून नाहीं; अजून मोठी. प्रत्येक ठिकाणीं फ्रेंचांचा एकच ‘आंकोर’ आणि आपलाही एकच ‘अजून’. हींच वाक्यें इंग्रजींत घातलीं तर ‘स्टिल’, ‘मोअर’, ‘येट’, ‘ईव्हन’ अशी निरनिराळी फौज उभी करावी लागते. आमच्यासारखे लोक इंग्रजीच्या खिडकींतून फ्रेंचकडे पाहतात, आणि मग हा शब्द फार अवघड आहे, ह्याचे अर्थ पाठ होत नाहींत, अशी तक्रार करतात. ती खिडकी लावून घेऊन मराठीच्या दारानें गेलें तर शब्द ओटीवरच बसलेला आढळतो.

साम्य सर्वत्र पुरतें असें मात्र नव्हे. ‘इल प्ल आंकोर’ ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात: ‘अजून पाऊस पडतो आहे’ आणि ‘पुन्हां पाऊस आला’. फ्रेंच माणसास ते प्रसंगावरून ओळखावे लागतात; मराठींत ‘अजून’ आणि ‘पुन्हां’ अशी वांटणी असल्यामुळें आपला गोंधळ होत नाहीं. ‘आंकोर त्वा!’ म्हणजे ‘पुन्हां तूंच!’, ‘क्वा आंकोर?’ म्हणजे ‘आणखी काय?’, ह्या ठिकाणीं ‘अजून’ घालून भागणार नाहीं. हे दोन-चार अपवाद संभाळले कीं बाकीचा व्यवहार निर्वेध चालतो.

दोन शब्दांची इतकी गांठ कां पडावी, असा प्रश्न आमच्या मनांत आला. ‘अजून’च्या पोटांत ‘आज’ आहे, आणि ‘आज’ म्हणजे संस्कृत ‘अद्य’. ‘अद्य’चा प्राकृतांत ‘अज्ज’ झाला आणि त्याचा आपल्याकडे ‘आज’. ‘अजून’ म्हणजे मुळांत ‘आजपावेतों’. ‘आंकोर’विषयीं फ्रेंच व्युत्पत्तिकारांचें सामान्यतः असें मत आहे, कीं हा शब्द लॅटिनमधील ‘ह्या घटकेपर्यंत’ अशा अर्थाच्या शब्दसमूहापासून निघाला, आणि त्याच्या शेवटीं जो शब्द होता तो ‘होरा’. वाचक क्षणभर थांबतील. होय, तोच तो ‘होरा’, जो आपल्या ज्योतिषांत आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत ह्या शब्दाची उपपत्ति देतांना ‘अहोरात्र’ शब्दाचें पहिलें आणि शेवटचें अक्षर गळून ‘होरा’ झाला, असें कित्येकांचें मत नमूद केलें आहे. आधुनिक पंडितांच्या मतें तो ग्रीक भाषेंतून आला. ग्रीकांचा तो शब्द पूर्वेस आला आणि जोशांच्या पोथींत बसला. पश्चिमेस लॅटिनमध्यें गेला आणि ‘आंकोर’मध्यें विरघळला. ‘आलोर’ म्हणजे ‘मग’, हा दुसरा नेहमींचा फ्रेंच शब्दही त्याच ‘होरा’चा. एकंदरींत आम्ही म्हणतों ‘आजपर्यंत’, ते म्हणतात ‘ह्या घटकेपर्यंत’. कुळें निराळीं, पण विचाराची घडण एकच. आणि म्हणूनच अर्थांच्या फांद्याही सारख्या फुटल्या असाव्यात.

हा विचार मनांत घोळत असतां आम्ही ‘रू देझेकोल’, म्हणजे शाळांच्या रस्त्यावरून, ‘कोलेज द फ्रांस’ ह्या विद्यापीठाच्या दारापाशीं आलों. संस्कृत शिकविणाऱ्यास ही वास्तु तीर्थासारखी आहे. येथें १८१४ सालीं संस्कृताचें अध्यापनपीठ स्थापन झालें. युरोपांतील अशा पहिल्या पीठांपैकीं तें एक. शेझी हे त्याचे पहिले अध्यापक, आणि त्यांच्यानंतर बुर्नूफ आले. मराठी माणसानें येथें आणखी एका नांवाचें स्मरण केलें पाहिजे. झ्यूल ब्लोक ह्या पंडितानें मराठी भाषा कशी घडली ह्यावर फ्रेंचमध्यें मोठा ग्रंथ लिहिला. तो १९२० सालीं पॅरिसांत प्रसिद्ध झाला. ज्या काळीं आमच्यांतील कित्येक शिकलेले लोक घरींही इंग्रजींत पत्रें लिहीत, त्या काळीं सेन नदीच्या कांठीं बसून एक फ्रेंच गृहस्थ मराठीचा एकेक स्वर तपाशीत होता. हेच ब्लोक पुढें १९३७ पासून ह्या संस्थेंत अध्यापक होते. त्यांच्या ग्रंथाचें मराठी भाषांतर वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनीं ‘मराठी भाषेचा विकास’ ह्या नांवानें १९४१ सालीं केलें.

तेथून नदी पांच-सात मिनिटांच्या वाटेवर आहे. नदीवर जो जुन्यांत जुना पूल आज उभा आहे, त्याचें नांव ‘पों-नफ’, म्हणजे ‘नवा पूल’! बांधकाम १५७८ मध्यें सुरू झालें आणि १६०७ मध्यें पुरें झालें. चार शतकें लोटलीं तरी हा पूल ‘आंकोर’ नवाच. पुण्याचे वाचक हंसतील, कारण त्यांच्याही शिवाजी पुलास लोक नवा पूलच म्हणत आले आहेत. पुलाच्या पलीकडे बेटावर नोत्र-दाम मंदिर आहे. १५ एप्रिल २०१९ रोजीं त्यास आग लागली, छप्पर जळालें आणि मधला उंच कळस कोसळला. पुढें पांचांहून अधिक वर्षें मंदिराचीं दारें बंद होतीं. डिसेंबर २०२४ मध्यें तीं उघडलीं. आमच्या कन्येनें सांगितलें, कीं त्या वर्षांत तेथून जातांना पाहुण्यांचा प्रश्न एकच असे: ‘उघडलें का?’ आणि उत्तर एकच: ‘पाझांकोर’. ह्या उत्तरांत ‘नाहीं’ आहे, परंतु निराशा नाहीं. ‘अजून नाहीं’ म्हणणारा माणूस उद्यां होईल असें धरून चालतो.

नाटकाचा शोक असलेल्या वाचकांसाठीं येथें एक गंमत सांगावीशी वाटते. गाणें आवडलें म्हणजे इंग्रज प्रेक्षक ‘आंकोर’ असा फ्रेंच शब्द ओरडतो. फ्रेंच प्रेक्षक मात्र तो शब्द वापरीत नाहीं. तो ‘बिस’ म्हणजे ‘दोनदां’ असा लॅटिन शब्द ओरडतो. आणि संगीत नाटकांच्या बहराच्या काळांत बालगंधर्वांच्या पदांना आपले मराठी प्रेक्षक काय ओरडत? ‘वन्स मोअर!’ म्हणजे इंग्रजी. आनंदाच्या भरांत प्रत्येकानें शेजाऱ्याच्या घरचा शब्द उसना घेतलेला आहे, आणि ‘अजून एकदां’ हा आपला शब्द नाट्यगृहाच्या दाराबाहेर उभा राहिला!

येथपर्यंतचा प्रकार विनोदाचा झाला. परंतु ह्याच शब्दानें आम्हांस एके दिवशीं विचारांत पाडलें.

आमच्या जिन्यावर समोरच्या बिऱ्हाडांत एक वृद्ध बाई राहत. मूळच्या त्या ब्रिटनी प्रांताच्या. आमच्या मंडळींचें आणि त्यांचें, भाषा नसतांही, चांगलें जमलें होतें. लाडू इकडून जात, सफरचंदाचा मुरंबा तिकडून येई. एकदां आम्ही नातीशीं बोलत जिना उतरत असतां त्या थांबल्या आणि कन्येस विचारत्या झाल्या, कीं मूल घरीं मराठी ‘आंकोर’ बोलतें का? प्रश्न सरळ होता आणि प्रेमानें विचारलेला होता. परंतु व्याकरणानें आमच्या कानांत कांहीं सांगितलें. स्थिति टिकून आहे हें सांगण्यास फ्रेंचमध्यें दोन अव्ययें आहेत: ‘तूझूर’ आणि ‘आंकोर’. ‘तूझूर’ म्हणजे सदा, नेहमीं. तें वापरलें म्हणजे गोष्ट चालू आहे आणि चालेल असा भाव येतो. ‘आंकोर’ वापरलें म्हणजे गोष्ट चालू आहे खरी, पण केव्हां तरी थांबेल, असें बोलणाऱ्याच्या मनांत असूं शकतें. आणि जी थांबली तिच्यासाठीं तिसरें अव्यय आहे, ‘प्ल्यु’: ‘आतां नाहीं’. बाईंनीं ‘आंकोर’ म्हटलें. पावाविषयीं ‘अजून गरम आहे’ म्हणतांना तो निवणार हें जसें गृहीत असतें, तसें.

त्यांनीं हा शब्द सहज वापरला नव्हता, हें पुढच्या वाक्यांवरून कळलें. त्यांच्या आजीची भाषा ब्रेतों. ही केल्टिक शाखेची भाषा. वेल्श भाषेची ती जवळची बहीण. आजी ती बोलत असे, आईस ती समजत असे, आणि स्वतः बाईंस आतां कांहीं म्हणी आणि एक अंगाईगीत येवढेंच आठवतें. आजी ‘तूझूर’, आई ‘आंकोर’, लेक ‘प्ल्यु’! तीन पिढ्यांत तीन अव्ययें संपलीं.

आम्ही जन्मभर शिक्षकी केली, म्हणून ह्या इतिहासाचा शोध घेतल्यावांचून आमच्यानें राहवेना. फ्रान्सांत १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनीं प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचें आणि धर्मनिरपेक्ष झालें. राष्ट्राच्या दृष्टीनें तें मोठें कार्य होतें, आणि त्याचा गौरव कोणीही शिक्षक करील. पण त्याच शाळांतून ब्रेतों बोलतांना सांपडलेल्या मुलाच्या गळ्यांत लांकडी जोडा किंवा असेंच कांहीं चिन्ह अडकवीत. त्या मुलानें दुसऱ्या कोणास ती भाषा बोलतांना पकडावें आणि चिन्ह त्याच्या गळ्यांत घालावें. दिवस संपतां तें ज्याच्याजवळ असेल त्यास शिक्षा. आईच्या भाषेसाठीं मुलांनीं एकमेकांवर पाळत ठेवावी, ह्याहून खेदाची शाळा कोणती? विसाव्या शतकाच्या मध्यास ज्या भाषेचे सुमारें दहा लाख बोलणारे होते, तिची गणना आज युनेस्को गंभीर संकटांतील भाषांत करते. नंतर जाग आली. १९७७ सालीं ‘दिवान’ नांवाच्या संस्थेनें ब्रेतों माध्यमाची पहिली शाळा काढली, आणि २००८ मध्यें प्रांतिक भाषा हा फ्रान्सचा वारसा आहे असें राज्यघटनेंत लिहिलें गेलें. परंतु घटनेंत लिहिलेलें वाक्य आजीच्या मांडीची जागा घेऊं शकत नाहीं.

मराठीच्या गळ्यांत कोणी लांकडी जोडा अडकविलेला नाहीं. तिला ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि कोट्यवधि लोक ती बोलतात. तरी परदेशींच्या एकेका मराठी घरांत, आणि खरें सांगावयाचें तर मुंबई-पुण्याच्याही कित्येक घरांत, ह्या तीन अव्ययांचा खेळ चालू आहे. आजीआजोबा ‘तूझूर’ बोलतात, आईबाप ‘आंकोर’ बोलतात. नातवंडांचें काय, हा प्रश्न सरकारच्या हातचा नाहीं; तो जेवणाच्या पाटावर आणि निजण्याच्या वेळीं सुटावयाचा असतो.

आमच्या मंडळींनीं तो आपल्या रीतीनें सोडविण्यास घेतला. नात शाळेंत सर्व दिवस फ्रेंच बोले. घरीं मराठी तिला समजे, पण उत्तर फ्रेंचमध्यें येई. रात्रीं गोष्ट संपली कीं ‘आंकोर!’ अशी आरोळी ठरलेली. आजीनें एक नियम केला. गोष्ट हवी तितकी मिळेल, पण ‘अजून’ म्हटल्यावांचून दुसरी सुरू व्हावयाची नाहीं. रागावणें नाहीं, दंड नाहीं, गळ्यांत अडकविणें तर नाहींच. केवळ गोष्ट थांबावयाची. चिमणीचें घर मेणाचें येथपर्यंत येऊन आजी डोळे मिटून स्वस्थ बसे. पहिल्या दोन रात्रीं रडारड झाली. तिसऱ्या रात्रीं पांघरुणांतून आवाज आला, ‘आजी, अजून यून फ्वा.’ अर्धें मराठी, अर्धें फ्रेंच! व्याकरणदृष्ट्या हा संकर असह्य होय. परंतु आम्हीं त्यावर लाल शाईचा फराटा ओढला नाहीं. पुढील महिन्यांत ‘यून फ्वा’ आपोआप गळून ‘एकदां’ आलें. त्यानंतर ‘अजून कां नाहीं?’, ‘अजून किती?’ अशीं वाक्यें सुरू झालीं, कारण आजीला प्रश्न विचारावयाचे तर मराठींतच विचारावे लागत. मुलास एक अव्यय दिलें तर तें मागोमाग क्रियापदें ओढून आणतें, हें चाळीस मुलांच्या वर्गांत आम्हांस इतकें स्पष्ट कधीं दिसलें नव्हतें.

ज्यांचीं मुलें-नातवंडें दूरदेशीं आहेत अशा वाचकांस आमचें सांगणें इतकेंच. तिकडे जाल तेव्हां तेथील भाषेचे चार शब्द अवश्य शिका. त्यांत मान कमी होत नाहीं, आणि शेजारी आपले होतात. फ्रान्सांत जाणार असाल तर ‘आंकोर’पासून आरंभ करा, तो आपल्या घरचाच आहे. बरोबर लोणच्याच्या बरणीइतक्याच जपून गोष्टीही न्या, आणि त्या एकदम संपवूं नका. मूल ‘अजून’ म्हणेल इतकी जागा प्रत्येक गोष्टीच्या अखेरीस राखून ठेवा.

समोरच्या बाईंच्या प्रश्नास कन्येनें जिन्यावर काय उत्तर दिलें, हें सांगावयाचें राहिलें. ती ‘वुई, आंकोर’ म्हणाली. आम्हांस तेव्हां वाटलें होतें, कीं तिनें ‘तूझूर’ म्हणावयास हवें होतें. आतां वाटतें कीं तिचाच शब्द योग्य होता. ‘सदा’ असें कोणत्याही भाषेविषयीं, कोणत्याही घराविषयीं कोणी छातीवर हात ठेवून म्हणूं नये. ‘अजून’ असें म्हणावें, आणि तें उद्यांही म्हणतां यावें म्हणून आज रात्रीं एक गोष्ट सांगावी.